घरचं ‘युटिल’ काढून ओपन सोर्स लायब्ररी बसवताना

आम्ही रत्नागिरीत आंबा बागायतदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, पायथनमध्ये. अशा जुन्या प्रोजेक्टात किरकोळ कामांच्या फंक्शनची ‘युटिल’ नावाची फाईल वाढत जाते. रुपयांचे स्वल्पविराम, तारखा, पेटीच्या लेबलवर गावाचं नाव बसवणं, सगळं तिच्यात. ती रिकामी करून तिची कामं तयार ओपन सोर्स लायब्ररीकडे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या खुल्या कोडकडे द्यायची, तर आंबा संपल्यावर, पावसाळ्यात बसा. एप्रिल-मेच्या धांदलीत बिलाच्या कोडला हात लावू नये.

आधी फाईल वाचून वाटणी करा. पेटीत किती डझन, दलाली कशी कापायची, हा हिशेब तुमचाच. तो जगातल्या कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही, तो ठेवा. १२,३४,५६७ असे लाख-कोटीचे गट पाडणं मात्र सगळ्या देशाचं काम आहे. ‘बेबेल’ ही पायथनची ओपन सोर्स लायब्ररी ते युनिकोडच्या (संगणकात सगळ्या लिप्या लिहिण्याचं मानक) सीएलडीआर माहितीवरून, म्हणजे भाषेनुसार आकडे-तारखा मांडण्याच्या पद्धतींच्या संग्रहावरून करते, आपण पुन्हा का लिहावं?

मग जुन्या फंक्शनला खऱ्या बिलांमधले आकडे द्या आणि येणारं उत्तर टेस्ट म्हणून नोंदवा, चुकीचं वाटलं तरी. खरा वेळ इथेच घाला, कारण फरक बारीक असतात. घरच्या कोडमध्ये अर्धा नेहमी वर ढकलला असेल, तर १०.१२५ चे १०.१३ होतात. बेबेल पायथनच्या डेसिमल या दशांश-प्रकाराचा नियम पाळते, अर्धा आला की सम अंकाकडे, म्हणून १०.१२. शेतकऱ्याच्या बिलात हा पैसा दिसतो. राउंडिंग आपल्या नियमाने आधी करा, लायब्ररीला फक्त मांडणी करू द्या.

मराठी अक्षरांचं तर विचारूच नका. ‘रत्नागिरी’ची लांबी पायथन ९ सांगतो, कारण तो मात्रा आणि हलन्तही मोजतो. युनिकोडच्या जुन्या नियमाने त्याचे ५ तुकडे पडतात, ‘त्’ वेगळा. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर एकत्र राहतं आणि ४ होतात. लेबलवर नाव कापताना ‘त्ना’ फुटायला नको असेल, तर लायब्ररी कुठल्या युनिकोडवर चालते ते आधी बघा.

बदल करताना फंक्शनचं जुनं नाव तसंच ठेवा, फक्त आतलं काम लायब्ररीकडे द्या. म्हणजे बाकी कोडला धक्का लागत नाही. एका वेळी एकच फंक्शन. टेस्टमध्ये फरक आला, तर नवं उत्तर हवं की जुनं, हे बिल करणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.

लायसन्स वाचा. बेबेलचं बीएसडी आहे, धंद्याच्या सॉफ्टवेअरात चालतं, कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायची. जीपीएल हे लायसन्स असेल तर सॉफ्टवेअर वाटताना सोर्सही द्यावा लागतो.

आवृत्ती नेमकी लिहून ठेवा आणि पायथनच्या ‘पिप डाउनलोड’ कमांडने पॅकेजं स्वतःच्या डिस्कवर घ्या. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज काढलं गेलं आणि जगभर बिल्ड अडले. आपल्याकडे तर जुलैत वाऱ्याने लाईन पडली की नेटही जातं.

लायब्ररीत मराठीचं काही चुकलेलं सापडलं, तर दुरुस्ती आपल्या युटिलमध्ये लपवू नका, मूळ प्रकल्पाकडे नोंदवा. आणि टेस्ट पास झाल्या की जुना कोड कमेंट करून ठेवू नका, पुसून टाका. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये तो आहेच.