कमी पैशांत जुनी बेस गिटार घेताना या चुका टाळा

भीमगीतांचा जलसा असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, चर्चमधली उपासना असो की कॉलेजचा बँड, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे सापडतात, पण बेसवाला शोधावा लागतो. त्यामुळे मराठवाड्यात बेस शिकायला घेणाऱ्याला वाजवायची संधी लवकर मिळते. अडचण वाद्याची असते. नवी परवडत नाही आणि जुनी घेताना नेमकं काय बघायचं ते सांगणारं कुणी जवळ नसतं.

जुनी गिटार म्हटली की काही ना काही बिघडलेलं असणारच. ती दुरुस्ती कुठे होईल, हा प्रश्न आधी विचारा. जॅक (वायर लावायचं भोक), पॉट (आवाजाच्या नॉबखालचा भाग), सुटलेली वायर ही कामं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुठल्याही तालुक्याच्या गावी करून देतो. पिळलेली मान किंवा झिजलेले फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांचा कारागीर मात्र बहुधा पुणे, मुंबई नाहीतर हैदराबादला गाठावा लागतो. जाण्यायेण्याचा खर्च धरला की स्वस्तात मिळालेली गिटार नव्याच्या भावात पडते. म्हणून तपासणी मानेपासून सुरू करायची आणि मान नापास झाली तर पुढचं काही बघायचंच नाही.

सैल तारांवर मान तपासणं

विक्रेता गिटार दाखवतो तेव्हा तारा बऱ्याचदा उतरवलेल्या असतात. "वर्षभर वाजवली नाही" हे कारण खरंही असेल, पण सैल तारांवर खराब मानसुद्धा सरळ दिसते. नेहमीच्या जाडीच्या (०.०४५ ते ०.१०५ इंच) चार तारा सुरात चढवल्या की मानेवर मिळून ७५-८० किलोंच्या घरात ताण येतो. मानेचं खरं रूप तेव्हाच कळतं. मोबाइलवर सूर दाखवणारं ट्यूनर ॲप घ्या, जाड तारेपासून ई, ए, डी, जी असं लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. एखादी चावी फिरवूनही सूर चढत नसेल किंवा लावलेला सूर लगेच उतरत असेल, तर ते याच वेळी कळतं. चावीचा स्क्रू नुसता ढिला असेल तर ती फार मोठी बाब नाही.

मग जाड ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि मान जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. ही ताणलेली तार म्हणजे तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा. ०.३ ते ०.४ मिमी फट उत्तम. मोजायला खिशातल्या वस्तू पुरतात: साधं व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं पाहिजे आणि एटीएम कार्ड, ज्याची जाडी ०.७६ मिमी असते, ते अडलं पाहिजे. एटीएम कार्डही मोकळं जात असेल तर मान पुढे वाकली आहे. फट अजिबातच नसेल तर मान एकदम सरळ आहे किंवा मागे गेली आहे.

हे दोन्ही दोष ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आत बसवलेल्या धातूच्या सळईने, निघतात, पण तो रॉड चालू असला तर. त्याचा नट हेडस्टॉकवरच्या (मानेच्या चाव्या असलेल्या टोकावरच्या) झाकणाखाली किंवा मानेच्या बॉडीकडच्या टोकाला असतो. त्यात बरोबर मापाची ॲलन की बसते का बघा. मिमीच्या नटात इंचाची की घालून फिरवली की कडा गुळगुळीत होतात आणि मग तो नट कशानेच फिरत नाही. विक्रेत्याच्या परवानगीने पाव फेरा फिरवून बघा. नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि पुढे वाकलेली मान सरळ होते, उलट फिरवलं की सैल होतो. नट पूर्ण आवळलेला आहे आणि तरीही मान पुढे वाकलेली आहे, अशी गिटार फुकट मिळाली तरी घेऊ नका. विक्रेता नटाला हातच लावू देत नसेल तर आम्ही तो सौदा सोडून द्यायला सांगू.

पिळलेली मान ओळखायला बॉडीच्या टोकाकडून हेडस्टॉककडे बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघा. ब्रिजजवळचे (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या बाजूचे) शेवटचे फ्रेट आणि पलीकडचा नट (रॉडचा नव्हे; हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक बाजू वर आणि एक खाली दिसली तर पीळ आहे, आणि ट्रस रॉड पीळ काढत नाही. शेवटी नटामागची जागा आणि मान बॉडीत बसते तो खाचा यांवरून बोट फिरवा. रंगातला केसासारखा बारीक तडा बऱ्याचदा वरवरचा असतो, पण नख अडकलं तर लाकूड फुटलेलं आहे.

एखादाच सूर खरखरतोय त्याकडे दुर्लक्ष

प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर वाजवा. चार तारा आणि वीस-बावीस फ्रेट म्हणजे जेमतेम पाच मिनिटांचं काम. खरखर कुठे येते यावरून कारण सापडतं.

पहिल्या पाच फ्रेटांतच खरखर असेल तर मान जास्त सरळ किंवा मागे गेलेली आहे. रॉड पाव फेरा सैल केला की बहुधा जाते. बाराव्याच्या पुढे सगळीकडेच असेल तर तारा फार खाली बसवल्या आहेत किंवा मानेचं बॉडीकडचं टोक वर उचललं गेलं आहे. ब्रिजवरची सॅडल (तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) वर करून बघा. तारा खूप वर आल्यावरच खरखर थांबत असेल तर दोष टोकाचा आहे आणि तो कारागिराचं काम आहे. फक्त मोकळी तार झणझणते आणि दाबल्यावर स्वच्छ वाजते, तर नटाची खाच झिजलेली आहे. ही स्वस्तातली दुरुस्ती.

एकाच जागी खरखर असेल तर तिथला पुढचा फ्रेट वर आला असावा. एटीएम कार्ड दोन तारांमधून उभं धरून तीन फ्रेटांवर टेकवा. दुसऱ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत कार्डाची लांब कड वापरा, दहाव्यापासून पुढे आखूड कड. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. असा एखादा असेल तर भाव पाडून घ्या, चार-पाच असतील तर नको.

सगळ्यात बारीक 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर इतरांपेक्षा लवकर मरतो. तो बऱ्याच बेसमध्ये असतो, महागड्यांतही. त्यामुळे घाबरून जाऊ नका.

हवामानाचा दोष विक्रेत्यावर ढकलणं

मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेली गिटार एप्रिल-मेमध्ये नांदेडला किंवा परभणीला आली की आठवडाभरात पहिल्या काही फ्रेटांवर खरखरायला लागते. घेताना तर छान वाजत होती, मग फसवलं, असं वाटतं. तसं नसतं. चाळिशीपारच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, मान सरळ होत जाते आणि तारा फ्रेटांना लागतात. आठ-दहा दिवस गिटारला हवेची सवय होऊ द्या, मग रॉड पाव फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा आणि एक दिवस थांबून बघा. एका दिवसात अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नको. पावसाळ्यात मान पुन्हा पुढे वाकेल, तेव्हा तितकंच आवळायचं. वर्षातून दोनदा हे करावं लागणं आपल्याकडे नेहमीचंच आहे.

मे महिन्यात मानेच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटांची टोकं टोचतात तीही याच कारणाने: लाकूड आकसतं, धातू तेवढाच राहतो. बारीक कानशीने टोकं गोल करता येतात. तेवढ्यासाठी सौदा मोडू नका.

घरी आणल्यावर गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. ती ओली हवा तारा आणि ब्रिज गंजवते आणि मान रोज हलवत राहते. पत्र्याच्या खोलीत, उन्हाने तापणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवणंही तितकंच वाईट. आतल्या भिंतीपाशी, जाड अस्तराच्या बॅगेत ठेवा.

गंज आणि घाम

मांडवांतून फिरलेल्या गिटारीचा ब्रिज आवर्जून बघा. सॅडल वर-खाली करायचे बारीक स्क्रू घामाने गंजून जाम झालेले असतात. ते फिरत नसतील तर ना तारांची उंची बदलता येते, ना वरचे सूर जुळवता येतात. चारही सॅडल थोडे फिरवून बघा. जाम असल्यास नव्या ब्रिजचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

सूर जुळतात का ते बाराव्या फ्रेटवर कळतं. तिथला हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच दिसायला हवा. दाबलेला चढा निघाला तर सॅडल मागे, उतरा निघाला तर मानेकडे. जुन्या, मेलेल्या तारांवर ही चाचणी चुकू शकते, म्हणून सॅडलला मागे-पुढे सरकायला जागा उरली आहे ना, एवढं बघून ठेवा आणि नव्या तारांवर नीट जुळवा.

वायर न जोडता घेणं, आणि अर्थिंग विसरणं

"अँप नाही, पण चालू आहे" यावर विश्वास ठेवू नका. स्वतःची चांगली लीड (गिटार अँपला जोडायची वायर) घेऊन जा, छोटा अँप किंवा हेडफोनचा अँपही चालेल. प्रत्येक नॉब शून्यापासून पूर्ण फिरवा. करकर आली तर पॉटमध्ये धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा फिरवलं की बहुधा जाते. लीड हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅक ढिला आहे. पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकाचा भाग) तपासायला आवाज कमी ठेवून त्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवा, ठक् असा आवाज आला पाहिजे. दोन पिकअप असतील तर दोन्ही वेगवेगळे तपासा. मेलेला पिकअप बदलावाच लागतो.

काही बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लागते. आयबानेझ जीएसआर २०० तशी आहे, तर यामाहा टीआरबीएक्स १७४ बॅटरीशिवाय चालते. बॅटरीच्या गिटारचा आवाज फाटका येत असेल तर नवी बॅटरी घालून बघितल्याशिवाय काही ठरवू नका. लीड लावून ठेवली की बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झालं की लीड काढा. छोट्या गावी राहणाऱ्या नवशिक्याला आम्ही बिनबॅटरीची सुचवू. तिच्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि दुरुस्ती कुणालाही जमते.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या वायरी उलट जोडल्या असाव्यात. ब्रिजला जाणारी अर्थची वायर तुटलेली असेल तर हात लावून फरकच पडत नाही.

आता जिवाशी संबंध असलेली गोष्ट. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ नसेल, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थ तोडला असेल, तर बिघडलेल्या अँपचा करंट सरळ तारांवर येतो. मांडवात जनरेटरवर, हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी जोराचा झटका बसू शकतो. अँप चालू करून लाइन टेस्टर ब्रिजला लावा. दिवा लागला तर तारांना हात न लावता अँप बंद करा, आणि वायरमनकडून अर्थिंग करून घेतल्याशिवाय वाजवू नका.

माप न बघता तारा आणि पाच तारांचा मोह

नट ते ब्रिज अंतर मोजा. ८६.४ सेंमी म्हणजे ३४ इंच, हे १९५१ च्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसपासून रूढ झालेलं माप. ७६ सेंमीच्या आसपास असेल तर ती आखूड मानेची बेस आणि तिला आखूड तारांचाच सेट लागतो. बेसच्या तारा गावातल्या दुकानात बहुधा मागवाव्या लागतात, तेव्हा नेहमीच्या मापाची गिटार सोयीची. पाच तारांची स्वस्तात मिळाली तरी शिकायला चारच बऱ्या: मान अरुंद, तारा स्वस्त, आणि खालची बी तार लहान स्पीकरवर नीट ऐकूही येत नाही.

हिशेब फक्त गिटारचा करणं

समजा नवी १६,००० ला आहे आणि जुनी १२,००० ला मिळतेय. चांगल्या तारांचे साधारण २,००० आणि जुळवणीचे हजारभर धरले की फरक हजारावर आला, आणि वॉरंटी गेली. जुनीची किंमत नव्याच्या साठ टक्क्यांवर गेली की आम्ही नवीच घ्यायला सांगतो. अँपसाठीही पैसे राखून ठेवा. गिटारच्या छोट्या अँपवर हळू आवाजात सराव चालतो, पण मोठा आवाज केला की त्याचा स्पीकर फाटतो. कार्यक्रमात डीआय बॉक्समधून (गिटारचा आवाज मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून) सरळ मिक्सरला द्या.

हेडस्टॉकवरच्या नावाचे पैसे देण्याआधी सीरियल नंबर बघा. स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) गिटारवर आयसीएस (ICS) आणि पुढे १२ असेल तर ती इंडोनेशियात २०१२ मध्ये बनलेली. विक्रेता "अमेरिकन" म्हणत असेल तर भाव तिथेच खाली आणा. रंगावरच्या ओरखड्यांनी आवाजात काहीच फरक पडत नाही, उलट किंमत कमी होते.

ऑनलाइन सौद्यात गिटार हातात घेऊन वाजवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. "फौजी आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो" हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा.

पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवणार असाल तर तारा दोन-तीन सूर उतरवायला सांगा, पूर्ण काढायला नको. हेडस्टॉकच्या मागे आणि मानेखाली कपड्याच्या घड्या हव्यात, तार आणि फ्रेटांच्या मध्ये पुठ्ठा, आणि खोक्यात गिटार जराही हलता कामा नये. शक्य असेल तर स्वतः जा आणि रेल्वेने, सीटशेजारी उभी ठेवून घेऊन या.