जोडीदार एकमेकांना कोणत्या पट्टीने मोजतात? रेपर्टरी ग्रिडने अभ्यास कसा करावा

तयार प्रश्नावली दिली की जोडपं प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत उत्तरं देतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या पर्सनल कन्स्ट्रक्ट सायकॉलॉजीत (प्रत्येकजण जगाकडे स्वतःच्या विरुद्ध कल्पनांच्या जोड्यांतून बघतो, हा विचार) मात्र मोजपट्टीसुद्धा ज्याची त्याचीच. रेपर्टरी ग्रिड हा त्यातलाच तक्ता: ओळींत माणसाने स्वतः सांगितलेल्या विरुद्ध शब्दांच्या जोड्या, रकान्यांत ओळखीची माणसं, चौकटींत गुण.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. प्रत्येकाची दहा कार्डं: मी, जोडीदार, व्हावंसं वाटतं तसा मी, मनातला जोडीदार, जोडीदाराला दिसणारा मी, आई, वडील, जवळचा मित्र, आदर वाटतो अशी व्यक्ती, न आवडणारी व्यक्ती.

तीन कार्डं पुढे ठेवून विचारा, "यातले कोणते दोघं सारखे नि तिसरा वेगळा? कशात?" लगेच पुढचा प्रश्न: "तसा नसलेला माणूस कसा असतो?" हा कधीच गाळू नका. 'शांत'समोर एकजण 'तापट' लिहितो, दुसरा 'मनमोकळा'. दुसऱ्याच्या लेखी शांत राहणं म्हणजे मनातलं दडवणं! घाईने तुम्हीच 'अशांत' सुचवलंत, तर ही सगळी माहिती गेली. 'उंच' किंवा 'नोकरी करणारा' असं वरवरचं उत्तर आलं, तर "त्याने तुम्हाला काय फरक पडतो?" विचारत खोल जा. विरुद्ध शब्दांच्या अशा आठ-दहा जोड्या मिळाल्या की थांबा. पुढे माणूस थकतो आणि तेच ते सांगतो.

आता प्रत्येक जोडीवर सगळ्या कार्डांना १ ते ७ गुण. चांगलं टोक कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा. एखाद्या ओळीत ४ च ४ दिसले, तर बहुधा ती पट्टी त्या माणसांना लागूच होत नाही.

खरा अभ्यास इथून पुढे. जोडीदारांना 'अ' आणि 'ब' म्हणू. 'अ'ला 'ब'ची कोरी ग्रिड द्या, म्हणजे 'ब'च्या शब्दजोड्या आणि कार्डं, पण गुणांशिवाय. आधी त्याने स्वतःच्या मते गुण द्यावेत, मग दुसऱ्या कागदावर 'ब'ने काय दिले असतील त्याचा अंदाज. अंदाज आणि 'ब'चे खरे गुण यांतले फरक चिन्ह सोडून मिळवा. दहा जोड्यांवर एका कार्डासाठी बेरीज ० ते ६० येईल. अंदाज 'ब'पेक्षा 'अ'च्याच गुणांजवळ गेला, तर त्याने स्वतःचं मत जोडीदाराच्या तोंडी घातलं आहे. दोघांचे गुण मुळात सारखे असतील, तर बरोबर अंदाजालाही फार किंमत देऊ नका. नुसतं साम्य म्हणजे समज नव्हे, हा फरक केलींनीच केला होता.

माणसांऐवजी नातीच मोजायची असतील, तर 'मी तिच्याशी' आणि 'ती माझ्याशी' अशी कार्डं करा. राइल आणि ब्रीन या संशोधकांनी १९७२ मध्ये जोडप्यांसाठी अशीच दुहेरी ग्रिड वापरली.

एकाची ग्रिड दुसऱ्याच्या हाती जाणार, हे कार्डं लिहिण्याआधीच सांगून दोघांची संमती घ्या. नंतर सांगितलंत, तर आधीचे गुण मोकळेपणाने दिलेले असले तरी पुढचे सावरून दिलेले येतील.