सातारा–सांगली रग्बी: ढालीसाठी दोन सामने कसे भरवावेत

श्रीलंकेत रग्बी टिकली ती शाळांच्या जोरावर. कोलंबोत इंग्रजांचा क्लब १८७९ पासून होता. कँडीच्या किंग्जवूड कॉलेज या शाळेत १८९१ मध्ये मुलं खेळू लागली, पण शेजारच्या ट्रिनिटीशी पहिला आंतरशालेय सामना व्हायला १९०६ उजाडलं. म्हणून एकट्या शाळेने सुरुवात करू नका. साताऱ्याची एक आणि सांगलीची एक, अशी जोडी आधी पक्की करा. नमुना ब्रॅडबी शील्डचा घ्या. कोलंबोचं रॉयल आणि कँडीचं ट्रिनिटी ही ढाल १९४५ पासून खेळतात: एक सामना कोलंबोत, एक कँडीत, दोन्हींचे गुण मिळून निकाल.

पंधरा जणांचा संघ पहिल्याच वर्षी जमत नाही. सात जणांची रग्बी खेळा: सात-सात मिनिटांचे दोन डाव, पाच राखीव. मैदान जास्तीत जास्त १०० बाय ७० मीटर. गोलखांबांत ५.६ मीटर अंतर, आडवी दांडी ३ मीटरवर. खांबांना जाड फोम गुंडाळा. पंधरा वर्षांवरच्या मुलांना ५ नंबरचा चेंडू. सामने पावसाळा सरल्यावर, गवत असताना ठेवा. सांगलीकडची काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच.

खरी मेहनत पकडीवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यावर. तालमीतली मुलं पट काढण्यात तरबेज असतात. खांदा मांडीला भिडवायचा, डोकं समोरच्याच्या ढुंगणामागे ठेवायचं, दोन्ही हातांनी कवळ घालायची, इथपर्यंत त्यांना काही शिकवावं लागत नाही. गोंधळ होतो तो पुढे. कुस्तीत खाली घेतलेल्याला दाबून धरतात; इथे तो पडताक्षणी सोडावाच लागतो, नाहीतर पेनल्टी. उचलून डोक्यावर आपटणं आणि खांद्याच्या वर पकडणं तर थेट मैदानाबाहेर जाण्याचं काम. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत, असा सराव घ्या. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा उतरवू नका, तो कितीही म्हणो.

गुणलेखकाला हिशेब नीट समजावा: ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) ५, त्यानंतरची किक २, पेनल्टी किक ३. साताऱ्यात सातारा १९–१२ जिंकला आणि सांगलीत सांगली १७–१४, तर बेरीज ३३–२९. दुसरा सामना हरूनही ढाल साताऱ्याची.