नॅससाठी राउटर घेताय? आधी भिंतीवरचा डबा बघा

नॅससाठी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवायच्या डिस्कच्या पेटीसाठी, राउटर शोधायला लागण्याआधी घरात फायबर जिथून येतं तिथे जा. इंटरनेट कंपनीनं लावलेला डबा तिथे लटकत असेल. त्याचे मोबाइलवर तीन फोटो काढा: पुढून, पोर्टांच्या बाजूनं आणि खालच्या स्टिकरचा. 'नॅससाठी कुठला राउटर घेऊ?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी हेच मागतो आणि मला हमखास कुठल्या तरी सेलमधल्या राउटरची लिंक येते. त्या लिंकवरून मला काहीच सांगता येत नाही. तुम्हाला कसला राउटर लागेल, लागेल की नाही, हे बरंचसं त्या डब्यावर ठरतं.

नॅस कुठला, डिस्क किती, हे तुम्ही उरकलंय असं धरून चालतो.

पोर्ट बघा, खोक्यावरचा आकडा नको

'एसी १२००' मधले बाराशे म्हणजे वाय-फायच्या दोन बँडांचे कागदावरचे वेग, ३०० आणि ८६७, एकत्र करून वर गोल केलेले. तेवढा वेग कुठल्याही एका फोनला मिळत नाही. आपल्या कामाचं कलम खाली बारीक अक्षरांत असतं: लॅन पोर्ट (घरातली उपकरणं वायरनं जोडायचे) किती मेगाबिटचे. तिथे '१०/१००' किंवा 'फास्ट इथरनेट' दिसलं तर खोकं परत ठेवा. ते 'फास्ट' १९९५ सालचं आहे. त्या पोर्टातून सेकंदाला जेमतेम ११ मेगाबाइट जातात (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) आणि नॅसमधली साधी हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास सहज देते. लग्नाचे १०० जीबी फोटो आणि व्हिडिओ चढवायला १०० मेगाबिटवर जवळपास अडीच तास लागतात, गिगाबिटवर, म्हणजे हजार मेगाबिटवर, पंधरा-वीस मिनिटं.

इथेच एक गोष्ट सांगतो, जी दुकानदार सांगणार नाही. सध्याचा राउटर बाकी ठीक असेल आणि फक्त पोर्ट मंद असतील, तर पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (वायरीनं उपकरणं एकमेकांना जोडणारी छोटी डबी) आणा. हजार रुपयांच्या आसपास मिळतो. नॅस आणि कॉम्प्युटर दोन्ही त्या स्विचला जोडले की त्यांच्यातली फाइलींची ये-जा राउटरच्या मंद पोर्टापर्यंत जातच नाही. माझ्याकडे सल्ला मागायला आलेल्या कित्येकांचं काम तेवढ्यावर भागलंय.

इंटरनेटचा प्लॅन मोठा घेऊन घरातल्या घरात नॅस वेगवान होत नाही. त्या वायरचा इथे संबंधच नाही.

'राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतो, त्यालाच डिस्क लावा, नॅस कशाला?' हा सल्ला देणाऱ्यांवर माझा राग आहे. स्वस्त राउटरचा प्रोसेसर त्या कामात धापा टाकतो, हे एक. शिवाय जुने राउटर फाइली वाटायला एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकायला घेतली. 'विंडोजमध्ये जाऊन ती परत चालू करा' असं सांगणारा व्हिडिओ तिथेच थांबवा.

वाय-फाय ६ पुरे. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे घालू नका.

एका घरात दोन नेटवर्क

आता खरा खड्डा. मी यात दोन शनिवार-रविवार घालवले, म्हणून जरा सविस्तर.

चांगला गिगाबिट राउटर आणला, कंपनीच्या डब्यातून वायर काढून नव्या राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात घातली, नॅस नव्या राउटरला लावला. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान. आईच्या फोनवर मात्र फोटोंचं अ‍ॅप 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून अडून बसलं. मी अ‍ॅप काढून परत टाकलं, नॅस दोनदा मुळापासून नव्यानं बसवला, शेवटी फोनलाच जुनाट ठरवलं. आई म्हणाली, "अरे, पण यूट्यूब तर चालतंय." तिचं बरोबर होतं. तिचा फोन अजून जुन्या डब्याच्याच वाय-फायवर होता, पासवर्ड साठवलेला असल्यामुळे आपोआप जोडला जायचा. नेट दोन्हीकडे, पण नॅस एकीकडेच.

काय होतं ते समजून घ्या, नाहीतर उपाय पाठ करून उपयोग नाही. कंपनीचा डबा बहुधा नुसता मोडेम नसतो, तो स्वतः राउटर असतो. तो आपल्या उपकरणांना, समजा, १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. त्याच्या पुढे तुम्ही दुसरा राउटर लावला की तो आपल्या माणसांना वेगळे पत्ते वाटतो, समजा १९२.१६८.०. आतल्या नेटवर्कवरून बाहेरच्यात जाता येतं. बाहेरच्यातून आत येता येत नाही, कारण नवा राउटर डब्याच्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला परकं समजून दारातच अडवतो. आईचा फोन त्याच्या दृष्टीनं परकाच होता.

तुमच्याकडे हे झालंय का हे बघायला अर्धं मिनिट लागतं. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता बघा आणि नॅसचा बघा. पहिले तीन आकडे जुळत नसतील तर नॅसला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही.

यातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत आणि कुठला राउटर घ्यायचा हे त्यातली कुठली धरणार यावर ठरतं.

बहुतेक घरांना मी पहिली सुचवतो: नवा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका. मग पत्ते वाटायचं काम एकट्या डब्याकडे राहतं, नवा राउटर फक्त वाय-फाय पसरवतो आणि स्विचचं काम करतो. घरात एकच नेटवर्क. विकत घेताना हा मोड आहे का तेवढं विचारा. एक इशारा: मोड बदलल्यावर राउटरचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, कारण आता त्यालाही पत्ता डबा देतो. मी हे न कळून तीनदा राउटर रिसेट केला. डब्याच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत नवा पत्ता सापडतो. आणि नॅस नव्या राउटरलाच लावा. कंपनीच्या बऱ्याच डब्यांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, तो या दोघांना जोडणाऱ्या वायरीसाठी राखा.

दुसरी वाट म्हणजे डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून सगळा कारभार नव्या राउटरकडे देणं. व्यवस्था सर्वांत स्वच्छ, पण कंपनी तयार हवी. त्यांचा माणूस घरी असतानाच पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (एकाच वायरीतल्या वेगळ्या वाटेचा) आकडा असेल तर तोही कागदावर लिहून घ्या. 'नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो' यावर विसंबून मी रविवारभर नेटशिवाय बसलोय. राउटरला वॅनवर व्हीलॅन घालता येतं का हे घेण्याआधी बघा, सगळ्यांना येत नाही. घरचा लँडलाइन फोन किंवा टीव्हीचा डबा त्याच फायबरवर असेल तर तो बंद पडेल का, हे आधी विचारा. आमच्याकडे फोन दोन दिवस मुका होता आणि बाबांनी ते अजून विसरलेलं नाही.

कंपनी ऐकत नाही आणि अ‍ॅक्सेस पॉइंटही नको, तर तिसरी: दोन्ही राउटर तसेच ठेवा, पण डब्याचं वाय-फाय बंद करून टाका. मग चुकूनही कुणी तिकडे जोडलं जात नाही. जाणकार नाकं मुरडतात. मुरडू देत, घरातल्या घरात हे व्यवस्थित चालतं.

बाहेरून फोटो बघायचे असतील तर

राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतेय. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग'वर (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट नॅसकडे वळवण्यावर) कितीही डोकं आपटा, काही येणार नाही, आणि त्यासाठी महागडा राउटर घेणं तर पैसे पाण्यात. (डबा अजून राउटरचं काम करत असेल, तर हा पत्ता डब्याच्या पानावर बघायचा.) काही कंपन्या दरमहा थोडे पैसे घेऊन स्वतंत्र पत्ता देतात.

पण मिळाला तरी नॅसचं पान थेट इंटरनेटवर उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसनं क्यूनॅप कंपनीच्या असंख्य नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली. सापडले ते इंटरनेटवर उघडे असलेलेच. नॅसवर आणि फोनवर टेलस्केल टाका, म्हणजे दोघांना खासगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर. ते वाटलेल्या पत्त्यामागूनही चालतं, एकही पोर्ट उघडावा लागत नाही, आणि राउटर कुठला आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

उरलेलं पटकन

नॅसला कायमचा पत्ता द्या, पण तो नॅसमध्ये हातानं न भरता पत्ते वाटणाऱ्या राउटरवरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मधून. यूपीएनपी (उपकरणांना राउटरचे पोर्ट परस्पर उघडू देणारी सोय) बंद. पाहुण्यांच्या वाय-फायवरून नॅस सहसा दिसणार नाही, दिसायलाही नको. वायर कॅट ५ई किंवा ६. लाइट जात असेल तर नॅस आणि राउटर दोन्ही यूपीएसवर.

शेवटी चार-पाच जीबीची एकच मोठी फाइल वायरनं जोडलेल्या कॉम्प्युटरवरून नॅसवर टाका. हजारो फोटोंचं फोल्डर चाचणीला घेऊ नका, बारीक फाइलींना वेळ लागतोच. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास दिसलं तर झालं काम. नेमकं ११ दिसलं तर कुठेतरी १०० मेगाबिटचा सांधा राहिलाय. आधी वायर बदलून बघा. आठपैकी एखादी तार तुटली, तर गिगाबिट बऱ्याचदा मुकाट्यानं शंभरावर उतरतं आणि स्क्रीनवर एक अक्षर दाखवत नाही. माझ्याकडे ती वायर दाराच्या फटीतून गेली होती.