मॅप-फिल्टरचा सराव प्रश्न काढताय? या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेत मी शनिवार-रविवार पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. मुलं सांगली, मिरज, तासगावची. हळदीची पोती काय हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न पोत्यांवरच काढला: ४० किलोपेक्षा जास्त भरलेली पोती फिल्टरने निवडा, मॅपने प्रत्येकातून १ किलो बारदान वजा करा, रिड्यूसने बेरीज करा.

यादी दिली ५२, ४८, ३०. सगळ्यांचं उत्तर ९८. मी खूश! घरी कोड उघडले तर बऱ्याच जणांनी आधी वजाबाकी केलेली, मग निवड. ५१, ४७, २९ मधूनही तीच दोन पोती उरतात, त्यामुळे उत्तर बरोबरच येणार. चूक पकडणारं पोतंच माझ्या यादीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ४१ चं घातलं. आधी निवडलं तर १३८. आधी वजा केलं तर ते पोतं गळतं आणि पुन्हा ९८. 'पेक्षा जास्त' आणि 'किमान' यांतला घोळ दिसावा म्हणून नेमकं ४० चंही ठेवलं. तरी एका पठ्ठ्याचं १३८ आलंच. त्याने आधी वजा केलं होतं आणि चिन्हही 'किमान'चं टाकलं होतं. दोन चुकांनी एकमेकींची फिट्टंफाट केली. पूर्ण आकड्यांत ही जोडी कधीच पकडली जात नाही. ४०.५ चं पोतं आलं तेव्हा सापडला: बरोबर उत्तर १७७.५, त्याचं १३८ च.

हळदीचा सौदा (लिलाव) बंद असलेल्या दिवसाची रिकामी यादीही द्या. रिड्यूसला सुरुवातीचं शून्य दिलं नसेल तर पायथन तिथे 'टाइपएरर' असा चुकीचा संदेश देऊन थांबतो. हे मुलांना एकदा तरी दिसू द्या.

आता उगाच घाबरवणारी गोष्ट. पायथन ३ मध्ये मॅपचं उत्तर थेट छापलं तर आकडे दिसत नाहीत, 'मॅप ऑब्जेक्ट' असं काहीतरी येतं. शिवाय ते एकदाच वाचता येतं: पहिल्यांदा बेरीज बरोबर, दुसऱ्यांदा शून्य. माझ्याकडच्या एका मुलीने यात तासभर घालवला आणि स्वतःलाच बोल लावत बसली. मधलं उत्तर लिस्टमध्ये घ्या, एवढी एक ओळ मी आता प्रश्नातच लिहितो.