मृगबागेत (जून-जुलैत लावलेल्या केळीत) सीएमव्ही : रिपोर्टची वाट बघत झाड उभं ठेवू नका

रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीवाल्या भावांनो, आठ दिवस आभाळ, रिपरिप आणि हवेत गारवा, हे वातावरण झालं की हरण्या म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा केळीचा रोग डोकं वर काढतो, तेव्हा उद्या सकाळीच बागेत फिरा. नवीन पान उन्हाकडे धरून बघा, शिरांना धरून पिवळट तुटक पट्टे दिसतील, पान आखडतं, पुढे पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. असं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटायचं, कंदासकट.

इथेच सगळे चुकतात. माझ्या ओळखीच्या एका भावाने चार झाडं दिसल्यावर दुकानातून "व्हायरस बंद" म्हणून महागडी बाटली आणली, दोनदा मारली आणि पंधरा दिवस वाट बघितली, तोवर ओळीच्या ओळी गेल्या. व्हायरस लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. फवारणी फक्त रोग पसरवणाऱ्या माव्यासाठी.

आता नवीन बोलणं ऐकतोय, "आमची रोपं डीएनए टेस्टेड". त्यामागचं एनजीएस (नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग) हे तंत्र खरंच ताकदीचं आहे. एलायझा किंवा पीसीआर ही नेहमीची लॅब तपासणी आपण ज्या व्हायरसचं नाव घेऊ तोच शोधते, एनजीएस मात्र पानातले डीएनएचे लाखो तुकडे वाचून जे असेल ते सांगते, सीएमव्ही तर आरएनएवाला, म्हणून आधी त्याचा डीएनए करून घेतात. माणसातही तेच. अमेरिकेत 14 वर्षांच्या मुलाच्या मेंदूला सूज होती, कारण सापडेना, मग मणक्यातल्या पाण्यातले 30 लाख तुकडे वाचले, त्यातले फक्त 475 लेप्टोच्या (लेप्टोस्पायरा) जिवाणूचे निघाले, 48 तासांत निदान झालं आणि पेनिसिलिनवर पोरगं बरं झालं (2014 ला हे छापून आलं). आपल्या कोकणात भातखाचरात उतरणाऱ्यांना होतो तोच लेप्टो.

पण तिथे पेनिसिलिन होतं, केळीला तसं काही नाही. म्हणून या तपासणीची खरी जागा मातृझाडावर (ज्यापासून रोपं बनवतात), टिश्यू कल्चर लॅबमध्ये, तुमच्या बांधावर नाही. रोपं घेताना केंद्र सरकारच्या 2006 पासूनच्या टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाचं लेबल आणि बॅचचा व्हायरस रिपोर्ट मागा, नुसत्या तोंडी "डीएनए"वर जादा पैसे देऊ नका. आणि रोप स्वच्छ आलं तरी शेतात मावा आहेच, तेव्हा उपटणं सुटत नाही.

उपटायच्या आधी त्या झाडावर आणि भोवती इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल, 10 लिटरला 5 मिली मारा, नाहीतर हलवल्यावर मावा उडून शेजारच्या झाडावर बसतो. झाड बांधावर फेकू नका, खड्ड्यात पुरा. मग दर चार-पाच दिवसांनी फेरी, पहिले तीन-चार महिने तरी. माझा अंदाज असा की सुरुवात बहुतेक काकडी-भोपळ्याच्या बांधाकडून होते, फेरी तिकडून सुरू करा.

बाकी नेहमीचं:
- तण काढा, केना, धोतरा, गाजरगवत
- काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, चवळी आंतरपीक नको
- निंबोळी अर्क 5 टक्के
- पाणी साचू देऊ नका

शंका असेल तर कोवळ्या पानाचा तुकडा कोरडा करून कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये ओला नको, पालच्या केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात दाखवा. पण पान तोडलं की झाड लगेच उपटा, रिपोर्ट मागाहून येऊ द्या.