निवृत्तीनंतरची गोल्फ बॅग : क्लब कसे निवडावेत आणि कसे टिकवावेत

नोकरीत असताना महिन्यातून एखादा रविवार खेळणारा माणूस निवृत्तीनंतर आठवड्यातून तीनदा मैदानावर जाऊ लागतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येते की पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच त्या वेळच्या खांद्यांसाठी होता. तरीही लगेच नवा संच घेऊ नये. आधी आहे त्या क्लबांची पारख करावी.

त्यासाठी ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर), अंग मोकळे झाल्यावर, प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत आणि चेंडू प्रथम जमिनीला टेकतो तेथपर्यंतचे अंतर वहीत लिहावे. पुढे घरंगळलेले अंतर धरू नये, कारण पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) चेंडू फारसा घरंगळत नाही. सर्वांत लांबचे दोन व सर्वांत जवळचे दोन आकडे वगळून उरलेल्या सहांची सरासरी काढावी. लगतच्या दोन क्लबांत आठ-दहा यार्डांचाही फरक पडत नसेल, तर त्यांतला एक बॅगेत नको. माझ्या वहीत चार, पाच आणि सहा नंबरच्या आयर्नपुढे (धातूच्या पातळ डोक्याचे हे क्लब; नंबर जितका कमी, तितका चेंडू लांब जायला हवा) १३१, १३३ आणि १२९ यार्ड असे आकडे उतरले, तेव्हा मला वाईट वाटले. पण ती पारख खरी होती. स्विंगचा वेग उतरला की कमी लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) आयर्न चेंडू पुरेसा वर उचलत नाही. अशा लांब आयर्नच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) किंवा सात नंबरचा वुड (मोठ्या, गोलसर डोक्याचा क्लब) घ्यावा. त्यांचे वजन खाली आणि मागे असल्यामुळे चेंडू सहज उठतो. याच कारणाने ड्रायव्हरही (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) नऊ-दहा अंशांऐवजी बारा अंशांचा मारून पाहावा.

नवा आयर्न पाहताना त्याच्या नंबरावर विसंबू नये. जुन्या सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३४ ते ३६ अंश असे. आजच्या कित्येक संचांत तो ३० अंश किंवा त्याहून कमी असतो. म्हणून नवा सात नंबर लांब जातो, यात नवल नाही. पण पिचिंग वेजही (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) तसाच ४३-४४ अंशांवर आलेला असतो आणि जुना ५६ अंशांचा सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) तसाच ठेवला, तर मधे बारा-तेरा अंशांची पोकळी राहते. ती भरायला आणखी एक वेज लागेल, हे खरेदीपूर्वीच हिशेबात धरावे.

स्टीलचा शाफ्ट (क्लबची दांडी) बहुधा शंभर ग्रॅमच्या पुढे असतो, ग्रॅफाइटचा त्याहून बराच हलका. कोपर दुखत असेल, तर ग्रॅफाइटच घ्यावा. शाफ्टवरच्या ‘आर’ (रेग्युलर), ‘एस’ (स्टिफ, म्हणजे ताठ) किंवा ‘सीनियर’ या लवचिकतेच्या खुणांना सर्व कंपन्यांचे सामायिक मोजमाप नाही, म्हणून खूण न पाहता फटका पाहावा. एका दुकानात केवळ माझ्या उंचीवरून ‘एस’ शाफ्टचा ड्रायव्हर माझ्या गळ्यात मारला गेला, आणि वर्षभर माझे चेंडू उजवीकडे झाडीत जात राहिले.

ग्रिपकडे (मुठीत धरायच्या आवरणाकडे) मात्र बहुतेकांचे लक्षच नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या मुठीत क्लब धरावा. मधल्या दोन बोटांची टोके अंगठ्याखालच्या मांसल भागाला अलगद टेकली, तर जाडी योग्य. बोटे तळव्यात रुतत असतील, तर ग्रिप बारीक आहे. सांधे आखडत असतील, तर थोडी जाड ग्रिप घेतल्यास मूठ सैल ठेवता येते.

नियमाने बॅगेत चौदा क्लबांची कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही. बाराही पुरतात, आणि बॅग उचलणे हलके होते. एकदा निवड झाली की ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम तीच बॅग वापरावी. दोन वाईट फेऱ्यांनंतर क्लब बदलू नये. वही पाहावी, मैदानावरच्या प्रशिक्षकाला (प्रोला) स्विंग दाखवावा, आणि बदल करायचाच झाला तर एका वेळी एकच करावा. हाताला सरावलेला पटर (भोकाजवळ चेंडू घरंगळवायचा क्लब) तर कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. काढलेले क्लब हंगाम संपेपर्यंत विकू नयेत. जूनमध्ये ग्रिप कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, आणि अंगठ्याखालची जागा गुळगुळीत चकाकू लागली असेल, तर पाऊस सुरू होण्याआधीच त्या बदलून घ्याव्यात.